आधी भाव वर जाऊ दे

चाचा, तुम्ही डोळे मिटलेत त्याच सकाळी वरल्या वाडीच्या सीताफळांनी डोळे उघडले.

हे वाक्य मी दौंडच्या पॅसेंजरमध्ये बसून जुळवलं. मलाच ते इतकं आवडलं की डोळे भरून आले. समोरच्या बाईनं विचारलंसुद्धा, "कोन गेलं का, दादा?" मी मान हलवणार, तेवढ्यात तुमचा आवाज कानात आला, "शायरी नको, बिरूशेठ. माल दाव." झालं, रडणं तिथंच बसलं. मातीला यायला निघालेला माणूस डब्यात एकटाच हसतोय म्हटल्यावर त्या बाईनं जागा बदलली. हे असं आहे, चाचा. मेल्यावरसुद्धा तुम्ही मला धड रडू देत नाही.

सीताफळाचे डोळे उघडतात म्हणजे काय, हे तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो. फळावरच्या खवल्यांमधल्या भेगा रुंद होतात, आतून पिवळसर दिसायला लागतात, ते डोळे. डोळे उघडले की फळ तोडायचं. तिथून पुढं ते कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आज दगड, उद्या-परवा लोणी, आणि त्यानंतर मुंग्यांची दिवाळी.

आमची वाडी कासुर्डीच्या वर डोंगरात. रस्ता नाही. आमच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, त्यांना रस्ता लागत नव्हता. मेंढरांना तर नाहीच. पुढं आम्ही डोंगरावरच टेकलो. बाजरी आणि हुलगा करायचो, तो पोटापुरता. विकण्यासारखं म्हणाल तर बांधावरची सीताफळं, तेवढीच. बायांनी पाट्या डोक्यावर घ्यायच्या, डोंगर उतरायचा, यवतच्या स्टेशनावर पॅसेंजर धरायची आणि दौंडला तुमच्या ताडपत्रीपुढं पाटी टेकवायची. पण तुमची ताडपत्री आम्हाला सापडली ती माझ्या शहाणपणामुळं. हे तुम्ही हयात असताना मी कधी कबूल केलं नाही, आणि आता तुम्हाला वाद घालता येत नाही.

त्याआधी एक गृहस्थ यायचा आणि फळ धरायच्याही आधी अख्खा डोंगर उक्ता घेऊन जायचा. मी वाडीत सांगितलं, यंदा माल आपण न्यायचा. "कसा?" म्हणून विचारलं तर म्हटलं, "मी हाय ना." माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडी या तीन शब्दांनी सुरू झाल्या आहेत.

वाटेत फळं आपटू नयेत म्हणून मी ती घोंगड्यांत बांधली. चांगली जाड, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी. ज्या घोंगडीत कोकरू सुखानं झोपतं, त्यात सीताफळाला काय दुखणार, असा हिशोब. सगळ्या घरांची फळं गोळा होईपर्यंत दोन रात्री गाठोडी बांधलेलीच राहिली. मग पॅसेंजर दौंडच्या अलीकडं सिग्नलला उभी राहिली, उन्हात. तुम्ही स्टेशनाबाहेर ताडपत्रीखाली पेरू लावत बसला होतात. मी गाठोडं तुमच्यापुढं ठेवलं आणि ऐटीत गाठ सोडली.

आत खीर झाली होती. बिया वर तरंगत होत्या.

तुम्ही एकदा गाठोड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "ये क्या लाया रे? फळ हाय का बाळंतीन?"

"चाचा, आपटू न्हाई म्हणून..."

"आपटलं न्हाई, बरोबर हाय. उबवलंस तू त्याला. धनगराचा हायस न्हवं?"

"व्हय."

"तरीच. आता थोडा वेळ बस. पिल्लं निघतील."

फळवाल्यांची सगळी रांग हसली. मी घोंगडी उचलून पळायच्या बेतात होतो. तुम्ही हात धरून बसवलंत, त्या चिखलातून बरी फळं वेगळी काढलीत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ओरडून सांगायला लागलात, "आत्ता खायचं सीताफळ! घरी न्यायचं काम न्हाई, हितंच खा!" गाडी सुटायच्या आत ती संपली. उरलेली खीर आपण दोघांनी खाल्ली. त्या दिवसापासून तुम्ही मला बिरूशेठ म्हणायला लागलात. माझ्यासारख्या फाटक्या माणसाला शेठ म्हणणारे तुम्ही पहिले, आणि बहुतेक शेवटचे.

निंबाच्या पाल्यात फळ थंड राहतं, घोंगडीत पिकतं, हे तुम्ही शिकवलंत. पण शिकल्यावर माणसाच्या अंगात येतं. मला तालुक्याच्या शिबिराचं बोलावणं आलं. छातीला बिल्ला मिळाला, खिशाला पेन मिळालं, आणि मंचावरच्या साहेबांनी सांगितलं की शेतकऱ्याचं वाटोळं मधल्या माणसानं केलंय, त्याला काढा. मी बिल्ल्यासकट थेट तुमच्याकडं आलो, तुमच्याच ताडपत्रीखाली बसलो, तुम्हीच मागवलेली भेळ खाल्ली आणि तुम्हालाच सांगितलं, "चाचा, आमाला आता मधला माणूस काढायचाय."

"काढा की," तुम्ही म्हणालात. "मी काय अक्कलदाढ हाय, दुखायला? पर मला सांग, पाऊस आला तर ताडपत्री कुनी धरायची? न खपलेला माल कुनी खपवायचा? आन् धुरपदाच्या शिव्या कुनी खायच्या?"

"शिव्या आमी खाऊ."

"खाशील? त्या पचायला हाड लागतं, बिरूशेठ."

धुरपदाकाकी आमच्या वाडीची. माहेर केंदूरचं. तिची पाटी सगळ्यांत जड आणि जीभ पाटीपेक्षा जड. पण मी तुम्हाला काढलंच. शिरूर तालुक्यात रांजणगावला कारखाने झाले होते. पाळी सुटते तेव्हा फाटकातून केवढी माणसं बाहेर पडतात, ते मी पाहून आलो होतो. एवढी तोंडं, मधे कोणी नाही. टेम्पो केला. घोंगडीचा धडा पाठ होता, म्हणून फळं अशी कडक निवडली की चार दिवस टिकावीत. पाळी सुटली. बाहेर पडणारी निम्मी माणसं उत्तरेकडची. ती सीताफळाला शरीफा म्हणतात, आणि त्यांना तो त्याच क्षणी, उभ्या उभ्या खायचा असतो. एकानं फळ दाबलं, फळ दबलं नाही. "भैया, ये तो पत्थर है." दुसरा म्हणाला, "दीवार में लगाने का है क्या?" मी समजावत होतो की परवा मऊ होईल. ते म्हणाले, तो परसों आना.

टेम्पो घेऊन मी तुमच्याकडंच आलो. दुसरीकडं जाणार कुठं? तुम्ही टेम्पोत डोकावलात. एक फळ उचललंत, कानाजवळ नेऊन ठोकलंत. "दौंडला खीर, रांजणगावला दगड. बिरूशेठ, तुजं सीताफळ कवा खायचं, ते तरी सांगून ठेव." आणि माल उतरवून घेतलात.

आता तुमचीही बाजू सांगतो, म्हणजे तुमची मंडळी हे वाचून तुम्हाला एकदम पीर करून टाकणार नाहीत. तुम्ही काही देवमाणूस नव्हतात. दुपार झाली की तुम्ही भाव पाडायचात. सगळ्यांसमोर, हसत हसत, आणि बायांना घ्यावाच लागायचा. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून तर आपलं केवढं वाजलं. मी म्हणायचो, पुण्याच्या दुकानांना खोक्यातलंच फळ लागतं. तुम्ही म्हणायचात, "पुठ्ठ्यात सीताफळ म्हंजी लग्नात गॉगल घातलेला नवरदेव. तोंड दिसायला नको व्हय?" पुढं खोकी चालली, आणि तुम्ही जगाला सांगत सुटलात की ही अक्कल तुमची. हा वाद मला अजून जिंकायचा होता. तुम्ही मध्येच उठून गेलात, आणि हे फसवणुकीत मोडतं.

पण त्या दुपारच्या भावावरूनच ती गोष्ट झाली. त्या दिवशी पॅसेंजर उशिरा आली, बाया उशिरा पोचल्या. तुम्ही खेकसलात, "ही यायची वेळ झाली? आता माल घिऊन मी काय करू?" आणि भाव पाडलात. बाकीच्यांनी पाट्या उतरवल्या. धुरपदाकाकीनं पाटी उतरवलीच नाही. डोक्यावर पाटी तशीच ठेवून म्हणाली, "चाचा, येकदा वर या. मग भाव पाडा."

"वर म्हंजी?"

"आमच्या वाडीला. घाबारता का?"

सगळ्या बाजारासमोर विचारलं. पठ्ठ्या नाही कसा म्हणणार? दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही लुनावरून डोंगराच्या पायथ्याशी आलात. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, पायांत चपला. चपला पहिल्याच चढाला तुटल्या. पुढं मी तुमच्या पाठीत हात लावून ढकलत होतो, आणि तुम्ही दर वळणाला विचारत होतात, "आली का रे?" मी दर वळणाला म्हणत होतो, "ही काय, आलीच." माझी एवढी खोटी बोलणी सलग कोणी ऐकून घेतली नसतील.

वर पोचल्यावर तुम्ही ताकाचा तांब्या तोंडाला लावलात तो खाली ठेवेचनात. मग खाली पाहिलंत. यवतचं स्टेशन काडेपेटीएवढं दिसत होतं. शेजारी काकी पाटी भरत होती. तुम्ही म्हणालात, "रिकाम्या हातानं माजी ही गत. तुमी भरली पाटी घिऊन उतरता?"

"उतरायचं काय न्हाई, चाचा," काकी म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली होता. "उतरताना पाय आपसूक पडत्यात. पर न खपलेली पाटी घिऊन परत चढायची म्हटलं की जीव जातो. परत आणल्यालं फळ वर येस्तवर चिखल. मग तुमी बोलाल त्यो भाव. तुमाला म्हाईत हाय, आमी परत न्हेणार न्हाई."

  तुम्ही तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "मग फळ खाली यायच्या आधी भाव वर आला पायजे. आधी भाव वर जाऊ दे. पटला तर पाटी उचला. न्हाई पटला तर फळ झाडाला, मी माज्या घरी."

"भाव वर कसा यायचा? उडत?"

"हा आणंल." माझ्याकडं बोट. "मेंढरवाला हाय. ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर हाळी देतात तुमची मानसं. खालून देऊ दे हाळी."

आणि मी म्हटलं, "मी हाय ना."

तर पहिली सकाळ. तुम्ही दौंडहून भल्या पहाटे निघून पायथ्याच्या निंबाखाली हजर. ताडपत्री, तराजू, लुना. मला भाव सांगितलात. मी छाती भरून घेतली, तोंडाला हाताची ओंजळ केली आणि लहानपणापासून जी एकच हाळी येते ती ठोकली. ती मेंढरं बोलवायची होती. वर वाडीत अजून तीन घरांनी मेंढरं ठेवली होती. त्यांना वाटलं, रानात न्यायला आलाय. भाव वर जायच्या ऐवजी अख्खा कळप खाली आला, धुरळा उडवत, बें-बें करत. तो थेट निंबाखाली शिरला, ताडपत्रीवर नाचला आणि लुना आडवी झाली. तुम्ही निंबाला पाठ लावून, तराजू छातीशी धरून उभे. "बिरूशेठ! मी सीताफळं मागितली हुती!"

वरून काकीचा आवाज आला, "भाव काय म्हणतोय रं?"

"भाव न्हाई, मेंढरं म्हणतोय!" तुम्ही ओरडलात. त्या दिवशी कळलं की तुमचा आवाज विनाहाळी वर पोचतो.

मग मी नवी हाळी बसवली. मेंढरांना कळणार नाही आणि माणसांना कळेल अशी. तेव्हापासून हंगामात दर तोडीच्या सकाळी ते नाटक रंगायचं. मी खालून भाव द्यायचो. वरून काकी, "वर बोल!" मी तुमच्याकडं बघायचो. तुम्ही दाढी खाजवून थोडा चढवायचात. मी हाळी द्यायचो. "चाचाला म्हणावं, आनखी वर!" पुन्हा दाढी. असं होता होता तुम्ही कपाळावर हात मारून "या अल्ला!" म्हणायचात. ते डोंगरावर ऐकू जायचं. काकी बायांना सांगायची, "चाचाचा या अल्ला झाला. आता ह्याच्या वर भाव न्हाई. उचला पाट्या." आणि पाट्या उतरायला लागायच्या, वळणावळणानं, एकामागून एक. तुम्ही त्यांच्याकडं मान वर करून बघत राहायचात, आणि तुमच्या तोंडावर तेव्हा जे असायचं ते मला कधी विचारता आलं नाही. पुढं मोबाइल आले, पण वाडीवर रेंज येत नव्हती. आली असती तरी तुम्ही घेतला नसतात. "फोनवर धुरपदाची शिवी निम्मीच पोचंल," म्हणायचात.

शेवटचा भेटलो तो गेल्या महिन्यात. तुम्ही खाटेवर. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, आणि तुमच्या उशीखाली कुठल्या तरी दुसऱ्या रानातलं आगाप सीताफळ होतं. सूनबाई रुबीना बाहेर गेल्यावर तुम्ही ते फोडलंत, निम्मं मला दिलंत. बिया कुठं टाकायच्या हा प्रश्न. शेवटी माझ्या खिशात. मग सहज म्हणावं तसं म्हणालात, "निंबाखाली आता तू बस."

"मी? मी आपला हाळीवाला."

"हाळी दुसरं कोनी दील. भाव तू बोल. माजा पोरगा इकबाल रेल्वेत गुंतलाय, दौंडचं रुबीना बघती. पर डोंगराखाली आपलं मानूस पायजे. तुला मधला मानूस काढायचा हुता न्हवं? ही जागा रिकामी हुतीया, काढून दावला मी. आता बघ, कसं वाटतंय."

मी म्हटलं, "चाचा, तुमी अजून शंभर सीताफळं खाणार हाय." तुम्ही हसलात. मीही हसलो.  निघताना दारात वळून बघितलं, तर तुम्ही रिकामी साल उशीखाली परत सरकवत होतात.

तिसऱ्या दिवशी जियारतीला आम्ही वाडीतली सगळी आलो. फळं घोंगडीत बांधून आणली, चाचा. अगदी पहिल्यासारखी, पण या वेळी मुद्दाम. संध्याकाळी बांधली, वर गवताची ऊब दिली, म्हणजे तुमच्या घरी पोचतील तेव्हा तोंडात विरघळतील. काकीनं स्वतःची घोंगडी दिली. पुढच्या खोलीत गाठ सोडली तेव्हा बाहेर वास गेला. फळं तशी झाली होती, अगदी काठावर. फातिहाच्या ताटात ती ठेवली. चाचींनी पडद्याआडून विचारलं, "बिरूभाऊ, ये वही घोंगडीवाला तरीका है क्या?" आणि आतल्या बाया हसल्या आणि रडल्या, दोन्ही. मग कोणी म्हणालं, चाचांबद्दल काही सांगा. मी मेंढरांची गोष्ट सांगितली. तुमच्या जियारतीत लोकांच्या पोटात दुखेपर्यंत हसू झालं. मौलवीसाहेबांनी आधी डोळे वटारले, मग तेही रुमाल तोंडाला लावून खिडकीकडं वळले.

निघताना रुबीनानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, दौंडमधी मी घेईन माल. अब्बांची गिऱ्हाइकं मला ओळखतात. पर पायथ्याला कोन? कोन न्हाई आलं तर बायांनी पुन्हा आधी उतरायचं आन् मग भाव विचारायचा का?" तिनं तराजू आणि ताडपत्री माझ्या हातात दिली. मी ताडपत्री काखेत मारली आणि तराजू खांद्याला अडकवला. दुसऱ्या दिवशीच तोड होती. डोळे उघडलेली फळं कोणाच्या सुतकाला थांबत नाहीत.

म्हणून आज सकाळी मी निंबाखाली बसलो.

ताडपत्री उलटी अंथरली, ती काकीनं वरूनच पाहिली असणार. भाव मीच ठरवला. रुबीनाला काय परवडेल, पुण्याकडं काय चाललंय, वाटेत किती दबतील, सगळं मनात मांडलं, आणि तेव्हा कुठं कळलं की तुम्ही दाढी का खाजवायचात. मला दाढी नाही. मी हनुवटीच खाजवली. मग हाळी दिली.

 क्षणभर मला वाटलं, मेंढरं येतात का काय. मग काकीचा आवाज उतरला.

"कोन बोलतंय रं? चाचाचा भाव हाय का तुजा?"

"माजाच!"



"मेल्या, दलाल झालास व्हय रं तू! आमच्यातला असून! वर बोल, वर!"

मी थोडा चढवला.

"आनखी!"

आणखी थोडा. त्याच्यावर मला खरंच जमत नव्हतं, चाचा, तुमची शपथ. मी ओरडून तसं सांगणार होतो, कारणं जुळवत होतो. पण हात आपोआप कपाळावर गेला आणि तोंडातून निघालं, "या अल्ला!"

एवढ्या मोठ्यांदा, की माझं मलाच दचकायला झालं.

वर कोणीतरी हसलं. मग काकी हसायला लागली, आणि तिचं हसणं मध्येच कुठंतरी फाटलं, ते मला खालीसुद्धा ऐकू आलं. नाक ओढल्यासारखा आवाज झाला. मग ती नेहमीच्या आवाजात बायांना म्हणाली,

"झाला गं. उचला पाट्या."

मी मान वर करून बसलो. पहिली पाटी वळणावर दिसली.